दोषशोधक साधनाची माहितीपुस्तिका आणि तिचा नवा वाचक

(संगणक-अभियंते, तंत्रशिक्षण संस्थांतील अध्यापक व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

संगणकाची आज्ञावली लिहिणे हे एक काम आहे आणि ती अपेक्षेप्रमाणे का चालत नाही हे शोधून काढणे हे दुसरे. पहिल्या कामाची वाखाणणी होते. दुसरे बहुधा पडद्याआड राहते. तथापि अभियंत्याचा फार मोठा वेळ या दुसऱ्या कामातच खर्ची पडतो. केंब्रिज विद्यापीठात ‘एडसॅक’ हा संगणक उभारणारे शास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांना १९४९ मध्येच या वस्तुस्थितीची जाणीव झाली होती. आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार, हे त्या वेळी आपल्या ध्यानात आले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

त्याआधी दोन वर्षे, ९ सप्टेंबर १९४७ रोजी, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रात अडकलेला एक पतंग तेथील कर्मचाऱ्यांना सापडला. यंत्रातील बिघाडाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीही अभियंत्यांत रूढ होती. म्हणून या घटनेचे खरे मोल त्या शब्दात नसून कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदीत आहे. त्यांनी पतंग नोंदवहीच्या पानावर चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली, पॅनेल ‘एफ’ लिहिले, रिलेचा क्रमांक ७० लिहिला. काय सापडले, कोठे सापडले आणि केव्हा सापडले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका नोंदीत आहेत. ती नोंदवही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. ज्याने ते यंत्र कधी पाहिले नाही अशा माणसालाही ती नोंद वाचून बोध होतो. उत्तम तांत्रिक लेखनाची कसोटी हीच होय.

साधन आणि त्याची पुस्तिका

दोष शोधण्यासाठी अभियंते जे साधन वापरतात त्याला ‘डीबगर’ म्हणतात. चालू आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबवणे, त्या क्षणी तिच्यातील राशींच्या किमती पाहणे, तेथपर्यंत ती कोणत्या मार्गाने आली हे तपासणे आणि एकेक पाऊल पुढे नेणे, ही त्याची मुख्य कामे. १९७१ मध्ये ‘युनिक्स’ प्रणालीची पहिली पुस्तिका केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सिद्ध केली, तेव्हा तिच्यातही असे एक साधन होते. त्या पुस्तिकेची एक प्रथा विशेष उल्लेखनीय आहे. नाव, वापरण्याची रीत, वर्णन अशा ठरावीक शीर्षकांखाली प्रत्येक आज्ञेची माहिती दिली जाई आणि शेवटी ‘दोष’ असे स्वतंत्र शीर्षक देऊन त्या आज्ञेची ज्ञात वैगुण्ये प्रांजळपणे नोंदवली जात. आपल्याच साधनाच्या उणिवा वापरणाऱ्यापुढे ठेवण्याची ही रीत पुढे सर्वत्र पसरली.

१९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीडीबी’ हा डीबगर लिहिला. तो आजही जगभर वापरात आहे आणि त्याची पुस्तिका चांगली विस्तृत आहे. प्रस्तुत विवेचनात उदाहरणे मुख्यत्वे याच साधनाची घेतली आहेत. याचे कारण त्यात काही मोठे वैगुण्य आहे असे नव्हे. ते सर्वांच्या परिचयाचे आहे आणि त्याच्या पुस्तिकेत पुष्कळ गोष्टी नीट नोंदलेल्या आहेत. प्रश्न उपस्थित होतो तो वाचक बदलल्यामुळे.

नवा वाचक कोण?

गेल्या काही वर्षांत डीबगर चालवणारा एक नवा वाचक आला आहे. भाषा-मॉडेलावर आधारलेल्या या आज्ञावलीला कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ म्हणतात. त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी : त्याला काम सांगितले जाते, तो एखादे साधन निवडून त्याला आज्ञा देतो, साधनाने दिलेला मजकूर वाचतो, त्यावरून पुढील आज्ञा ठरवतो, आणि काम पूर्ण झाले असे वाटेपर्यंत हा क्रम चालू ठेवतो.

या क्षेत्रातील प्रगतीचे टप्पे लक्षात घेण्यासारखे आहेत. २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एसडब्ल्यूई-बेंच’ हा प्रश्नसंच तयार केला. पायथन भाषेतील १२ प्रकल्पांमध्ये प्रत्यक्ष आढळलेले २,२९४ प्रश्न त्यात होते आणि ते मॉडेलांना सोडवावयाचे होते. त्याच गटाने २०२४ मध्ये ‘एसडब्ल्यूई-एजंट’ हे काम पुढे आणले. मॉडेल तेच ठेवून त्याच्या हाती दिलेल्या आज्ञांची मांडणी सुधारली तर कामाच्या यशात लक्षणीय फरक पडतो, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होता. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी ‘डीबग-जिम’ या प्रयोगात एजंटांच्या हाती पायथनचा ‘पीडीबी’ हा डीबगर दिला. त्या वेळच्या उत्तम मॉडेलांनाही निवडक प्रश्नांपैकी निम्मे सोडवता आले नाहीत. डीबगर टप्प्याटप्प्याने कसा वापरावा याचे नमुने मॉडेलांच्या प्रशिक्षणसामग्रीत विरळ असावेत, असे कारण संशोधकांनी सुचवले.

मॉडेलांची कुवत वाढत आहे आणि पुढेही वाढेल. तथापि हाती साधन देणे आणि ते वापरण्याची विद्या देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रयोगांवरून स्पष्ट होते. ती विद्या देण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांच्या आवाक्यातील माध्यम म्हणजे माहितीपुस्तिका होय.

दोन वाचकांमधील अंतर

कार्यालयात नव्याने रुजू झालेला अभियंता पुस्तिका वाचतो तेव्हा त्याच्याजवळ पुस्तिकेखेरीज इतर पुष्कळ आधार असतात. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला तो विचारतो. पडदा स्तब्ध झाला तर काहीतरी अडले आहे हे त्याला दिसते. यंत्र भलतेच वागू लागले तर तो हात आखडता घेतो. पुस्तिकेत न लिहिलेल्या शंभर गोष्टी तो अशा रीतीने भरून काढतो आणि म्हणूनच अपुऱ्या पुस्तिकांवरही आजवर काम निभावले.

एजंटाजवळ यांपैकी फारच थोडे असते. त्याच्यापुढे मजकूर असतो आणि प्रशिक्षणात वाचलेल्या अफाट मजकुराचा ठसा असतो. हा ठसा उपयोगी खरा, पण फसवाही आहे. जुन्या आवृत्तीतील आज्ञा, दुसऱ्याच साधनातील समान नावाची आज्ञा आणि कोणीतरी चुकीने लिहिलेले उत्तर, ही सर्व त्यात एकत्र मिसळलेली असतात. पुस्तिकेत जे लिहिलेले नसते ते एजंट या साठ्यातून अंदाजाने भरून काढतो. आणि हा अंदाज तो ज्या ठाम स्वरात मांडतो त्यावरून तो अंदाज आहे की ज्ञान आहे, हे ओळखता येत नाही.

याचे एक बोलके उदाहरण आहे. पीडीबी आणि जीडीबी या दोन्ही साधनांत ‘रिटर्न’ नावाची आज्ञा आहे. पीडीबीमध्ये तिचा अर्थ असा की, सध्याचे कार्य नेहमीप्रमाणे पूर्ण होऊ द्यावे आणि ते परत फिरण्याच्या बिंदूवर थांबावे. जीडीबीमध्ये याच आज्ञेने त्या कार्याचा उरलेला भाग न करताच ते रद्द होते आणि नियंत्रण ताबडतोब मागे जाते. पीडीबीतील ‘रिटर्न’शी जुळणारी जीडीबीतील आज्ञा ‘फिनिश’ ही आहे. शब्द एक, अर्थ जवळजवळ उलट. पायथनची सवय झालेला माणूस येथे एकदा फसेल आणि पुढे सावध होईल. एजंटाची आठवण मात्र पुष्कळदा त्या एका कामापुरतीच असते. पुस्तिकेत स्पष्ट इशारा नसेल तर तो पुनःपुन्हा त्याच जागी ठेचकाळेल.

परिणाम लिहिला पाहिजे

पुस्तिकेत सामान्यतः आज्ञा काय करते एवढे लिहिलेले असते. नव्या वाचकाला त्याबरोबरच तिच्यामुळे काय बदलते हे सांगणे आवश्यक आहे. जीडीबीतील ‘प्रिंट’ ही आज्ञा घ्यावी. नावावरून ती केवळ किंमत दाखवणारी, निरुपद्रवी आज्ञा वाटते. वस्तुतः ती दिलेल्या पदावलीचे मूल्य काढते. त्या पदावलीत बरोबरचे एकच चिन्ह असेल तर त्या राशीला नवी किंमत दिली जाते. एखाद्या कार्याचे नाव कंसांसह दिले असेल तर ते कार्य प्रत्यक्ष चालवले जाते. ते कार्य फाइल पुसणारे असेल तर फाइल पुसली जाईल. तेव्हा ‘प्रिंट : किंमत दाखवते’ हे वर्णन खोटे नाही, ते अपुरे आहे. दोषशोधनात असे अपुरेपण विशेष घातक ठरते, कारण तपासणी करता करता तपासण्याची वस्तूच बदलली तर निघालेल्या निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

यास्तव प्रत्येक आज्ञेपुढे ती केवळ पाहणारी आहे, बदल करणारी आहे की नाश करू शकणारी आहे, हे नमूद असावे. एजंट व साधने यांना जोडण्यासाठी अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची संकेतपद्धती खुली केली. तिच्यात प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा आराखडा देण्याची सोय आहे. २०२५ मधील आवृत्तीत साधन केवळ वाचन करणारे आहे की विघातक ठरू शकते, हे दर्शवणाऱ्या सूचक खुणाही आल्या. या खुणा म्हणजे हमी नव्हे, असे त्या पद्धतीतच स्पष्ट केले आहे. खूण लावणाऱ्याने ती प्रामाणिकपणे व विचारपूर्वक लावली तरच तिचा उपयोग.

थांबणे आणि वाट पाहणे

डीबगर मूलतः माणसाशी संवाद करण्यासाठी घडलेला आहे. तो विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. मजकूर लांबला की जीडीबी मध्येच थांबून पुढील पान दाखवू का, असे विचारते. काही आज्ञांपूर्वी ते खात्री करून घेते. माणसाच्या दृष्टीने ही सोय आहे. एजंटाच्या दृष्टीने हा बंद दरवाजा आहे. एजंट साधनाच्या उत्तराची वाट पाहतो, साधन एजंटाच्या उत्तराची वाट पाहते आणि वेळ संपते. टर्मिनलवर रिकामी ओळ दिली तर जीडीबी मागील आज्ञाच पुन्हा करते, हीदेखील अशीच एक सोय. अनुभवी माणसाचे श्रम ती वाचवते. पण एजंटाकडून एक रिकामी ओळ अनवधानाने गेली तर आज्ञावली एक पाऊल पुढे सरकते आणि आपण कोठे उभे आहोत याविषयीचा त्याचा हिशेब चुकतो.

जीडीबीत यावर उपाय आहे. ‘बॅच’ हा पर्याय देऊन ते सुरू केले की पानापानाने थांबणे बंद होते, खात्रीचे प्रश्न विचारले जात नाहीत आणि दिलेल्या आज्ञा संपल्यावर साधन स्वतःहून बंद होते. मात्र हा उपाय सांगताना त्याची दुसरी बाजूही सांगणे हे पुस्तिकेचे कर्तव्य आहे. खात्रीचा प्रश्न हा एक पहारेकरी असतो. पहारा उठवला की त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी येते. ती कोणावर येते, हे लिहिलेले असावे. तसेच ‘रन’ ही आज्ञा दिल्यावर आज्ञावली कोणत्याही थांब्यावर न अडता चालतच राहिली तर काय करावे, किती वेळ वाट पाहावी आणि कशी थांबवावी, हेही आरंभीच सांगितलेले असावे.

उत्तराचा अर्थ

साधनाने दिलेल्या उत्तराचा अर्थ लावणे हे काम पुस्तिकेने वाचकावर सोडू नये. काहीच मजकूर आला नाही, तर आज्ञा यशस्वी झाली की ती पोचलीच नाही? माणूस हे संदर्भावरून जाणतो. एसडब्ल्यूई-एजंटच्या रचनेत या प्रश्नाला सरळ उत्तर दिले गेले : आज्ञा यशस्वी झाली, परंतु तिने कोणताही मजकूर दिला नाही, असे वाक्यच एजंटाला दाखवले जाई. त्याच रचनेत फाइल एका वेळी १०० ओळींपुरतीच दिसत असे. कारण एजंटाच्या एकावेळच्या वाचनाला मर्यादा असते आणि अनावश्यक मजकुराच्या गर्दीत महत्त्वाची ओळ हरवते.

जीडीबीमध्ये यंत्रांसाठी वेगळा संवादमार्गही आहे. त्यात आज्ञा पूर्ण झाली, आज्ञावली चालू झाली, त्रुटी आली किंवा आज्ञावली अमुक कारणाने थांबली, असे निरनिराळे प्रसंग ठरावीक खुणांनी कळवले जातात. २०२३ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ‘डीबग अडॅप्टर प्रोटोकॉल’ या सर्वसामान्य संकेतपद्धतीनेही त्याच्याशी संवाद साधता येतो. पुस्तिकेच्या पहिल्या पानावरच या मार्गांचा उल्लेख असेल तर एजंट माणसासाठी सजवलेल्या मजकुरातून अर्थ शोधीत बसणार नाही.

काही उत्तरे दिसतात एक आणि सांगतात दुसरेच. एखाद्या राशीच्या किमतीच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असे शब्द येतात. राशी रिकामी आहे किंवा तिच्यातच दोष आहे, असा याचा अर्थ नाही. कंपायलरने वेग वाढवताना ती राशी त्या ठिकाणी ठेवलेली नाही, म्हणून तिची किंमत दाखवता येत नाही, एवढाच अर्थ आहे. दोषशोधनाची माहिती समाविष्ट करून आणि वेगवर्धन बंद ठेवून आज्ञावली पुन्हा बांधली की ती किंमत बहुधा दिसू लागते. पुस्तिकेत ही दोन वाक्ये असली तर एजंटाचा पुष्कळ वेळ वाचतो. नसली तर जो दोष नाही त्याची तो दुरुस्ती करून टाकण्याचा धोका असतो. मर्यादांचेही तसेच आहे. राशी बदलताच थांबवणारा ‘वॉचपॉइंट’ प्रक्रियकाच्या मदतीने लावता येतो. परंतु एक्स-८६ जातीच्या प्रक्रियकात त्यासाठी चारच जागा असतात. ही मदत नसेल तर तेच काम शेकडो पटींनी मंद होते. हे ठाऊक नसलेला एजंट मंद चालणाऱ्या आज्ञावलीला अडकलेली समजेल.

जेथे चूक महाग पडते

येथपर्यंतची उदाहरणे वेळ व श्रम यांच्या नुकसानीची होती. यापुढील उदाहरण अधिक गंभीर आहे. डीबगर हा चालू असलेल्या सेवेलाही जोडता येतो. रुग्णालयाची नोंदणी, शिधावाटपाची पडताळणी, परीक्षेचे अर्ज यांसारख्या सेवा आज संगणकावर चालतात. समजा, अशी एखादी सेवा मंद झाली आणि कारण शोधण्याचे काम एजंटाकडे दिले गेले. त्याने डीबगर जोडला. जोडताक्षणीच जीडीबी त्या प्रक्रियेला थांबवते आणि पुढे चालू करण्याची वा मोकळे करण्याची आज्ञा मिळेपर्यंत ती थांबलेलीच राहते. एजंट आपल्या परीने शांतपणे राशी तपासत असतो आणि खिडकीपुढील रांग जागच्या जागी उभी असते.

पुस्तिकेतील एका आज्ञेची नोंद दोन प्रकारे कशी लिहिता येईल हे येथे पाहणे उपयुक्त ठरेल. पहिला प्रकार : ‘अटॅच – चालू प्रक्रियेला साधन जोडते.’ दुसरा प्रकार पुढीलप्रमाणे :

‘अटॅच, त्यापुढे प्रक्रियेचा क्रमांक. उपयोग : आधीच चालू असलेल्या प्रक्रियेची तपासणी. परिणाम : प्रक्रिया तत्काळ थांबते, कंटिन्यू किंवा डिटॅच ही आज्ञा मिळेपर्यंत ती काम करीत नाही. बाहेर पडताना : साधन बंद केल्यास जोडलेली प्रक्रिया मोकळी होऊन पुढे चालते, मात्र साधनातूनच रन आज्ञेने सुरू केलेली प्रक्रिया साधनाबरोबर संपुष्टात येते. धोका : जोडलेल्या अवस्थेत रन ही आज्ञा दिल्यास मूळ प्रक्रिया नष्ट होते. नकार : परवानगी नाही असा संदेश आल्यास ती प्रणालीने हेतुपुरस्सर घातलेली मर्यादा असू शकते, ती उठवण्याचा प्रयत्न न करता जबाबदार व्यक्तीस कळवावे. नागरिकांच्या सेवेत असलेल्या प्रक्रियेस मनुष्याच्या स्पष्ट संमतीवाचून जोडू नये.’

दुसरी नोंद लांब आहे, हे खरे. परंतु तिच्यातील नकाराविषयीचे वाक्य नीट पाहावे. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींमध्ये एका प्रक्रियेने दुसऱ्या कोणत्याही प्रक्रियेत डोकावू नये म्हणून मुळातच बंधन घातलेले असते. काम पूर्ण करण्याचा ध्यास घेतलेला एजंट या बंधनाकडे आणखी एक अडथळा म्हणून पाहू शकतो आणि अधिकार असल्यास ते शिथिलही करू शकतो. अडथळा आणि कुंपण यांतील फरक पुस्तिकेने सांगितला नाही तर तो एजंटाला कोठून कळणार?

याच संदर्भात गोपनीयतेचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. डीबगर स्मृतीतील सर्व काही पाहतो. प्रक्रियेच्या स्मृतीची प्रत काढली तर तिच्यात परवलीचे शब्द, नागरिकांची नावे व त्यांचे व्यवहार असू शकतात. अशी प्रत कोठे ठेवावी, कोणाकडे पाठवू नये आणि केव्हा पुसावी, हे पुस्तिकेत असावे. याशिवाय, तपासल्या जाणाऱ्या आज्ञावलीच्या स्मृतीत सापडलेला मजकूर हा एजंटासाठी आदेश नसून केवळ पुरावा आहे, हेही स्पष्ट लिहावे. कोणी खोडसाळपणे त्या मजकुरात सूचना पेरून ठेवली असेल तर एजंटाने ती आज्ञा समजून पाळण्याचा संभव असतो. केवळ लिहिल्याने हा धोका पूर्णतः टळत नाही. त्याकरिता एजंटाला दिलेले अधिकारच मर्यादित ठेवावे लागतात. पुस्तिका ही अधिकारमर्यादेची जागा घेऊ शकत नाही. ती त्या मर्यादेचा अर्थ समजावून देते.

एक संकल्पना, एक शब्द

साहित्यात एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांनी सांगणे हा गुण मानला जातो. पुस्तिकेत तो दोष ठरतो. एका पानावर ‘प्रक्रिया’, दुसऱ्यावर ‘कार्यक्रम’ आणि तिसऱ्यावर ‘लक्ष्य’ असे लिहिले तर या तीन वस्तू आहेत की एकच, असा संभ्रम निर्माण होतो. महाराष्ट्राला हा प्रश्न नवीन नाही. राज्यकारभार मराठीतून चालवण्याचे ठरले तेव्हा एकाच पदाला निरनिराळ्या कार्यालयांत निरनिराळी नावे पडू नयेत, ही गरज प्रथम जाणवली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश आणि अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले ते याच हेतूने. त्या कामामागील शिस्त – एका संकल्पनेस एक शब्द, आणि तो शब्द सर्वत्र तोच – साधनाच्या पुस्तिकेलाही जशीच्या तशी लागू पडते.

पुस्तिकेची परीक्षा

पुस्तिका स्पष्ट झाली की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवू नये. कारण त्याला जे ठाऊक असते ते पानावर नसले तरी त्याला दिसते. परीक्षेचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला असा : एका लहान आज्ञावलीत मुद्दाम एक ज्ञात दोष ठेवावा, एजंटाला केवळ पुस्तिका व साधन द्यावे आणि तो दोषापर्यंत कसा पोचतो हे पाहावे. तो जेथे अडला किंवा भरकटला, तेथे प्रथम पुस्तिकेतील वाक्य तपासावे. आज्ञा देताना त्याने जो चुकीचा अंदाज केला असेल तो बहुधा पुस्तिकेतील एखाद्या न लिहिलेल्या वाक्याची जागा दाखवतो. दुसरा मार्ग उदाहरणांचा आहे. पुस्तिकेतील प्रत्येक उदाहरण यंत्राकडून पुनःपुन्हा चालवून पाहावे. पायथन भाषेत २००१ पासून ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय आहे. लेखनातील उदाहरण चालवून लिहिलेले उत्तर आणि प्रत्यक्ष उत्तर यांचा मेळ ती तपासते. साधन बदलले आणि पुस्तिका तशीच राहिली तर ही तफावत तत्काळ उघड होते. पुस्तिका कोणत्या आवृत्तीची आहे, हे पहिल्याच पानावर असणे तर अपरिहार्य आहे.

हे सर्व श्रम एका यंत्रासाठी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या श्रमांचा पहिला लाभ माणसालाच होतो. तालुक्याच्या ठिकाणी शिकणारा, आसपास विचारण्यास ज्येष्ठ अभियंता नसलेला विद्यार्थीही आजवर पुस्तिकेपुढे एकटाच बसत आला आहे. न लिहिलेल्या गोष्टी त्यालाही कोणी सांगितल्या नाहीत. फरक इतकाच की, त्याचे अडणे कोणी मोजले नाही. एजंटासाठी लिहिलेली प्रत्येक पूर्ण नोंद, स्पष्ट इशारा आणि चालवून पाहिलेले उदाहरण त्याच्याही उपयोगी पडेल.

दोषशोधनाचे पुष्कळसे काम पुढील काळात एजंटांकडे जाईल, अशी चिन्हे आहेत. काम सोपवता येते; उत्तरदायित्व सोपवता येत नाही. चालू सेवा बंद पडली तर जाब एजंटाला विचारला जाणार नाही. ज्याने त्याच्या हाती साधन दिले त्याला विचारला जाईल. तेव्हा साधन देणाऱ्याने त्याबरोबर काय लिहून दिले, हाच पहिला प्रश्न असेल. पुस्तिका ही साधन तयार झाल्यावर जोडावयाची पुरवणी नव्हे, ती साधनाचाच एक भाग आहे, हे ध्यानात घेऊन अभियंत्यांनी प्रत्येक आज्ञेचा उपयोग, परिणाम, यशाची खूण आणि धोका या चार गोष्टी लिहिल्याशिवाय ती आज्ञा पूर्ण झाली असे मानू नये. तंत्रशिक्षण संस्थांनीही आज्ञावली-लेखनाच्या जोडीने अशा लेखनाचा सराव विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास ते निश्चितच हिताचे ठरेल.